नाक्यावरची बाई

उन्हाळा तापला, कूलरच्या जाळ्यांत नवं गवत भरून झालं आणि नांदेडच्या रस्त्यावर दुपारी कुत्रंसुद्धा दिसेनासं झालं, की माझ्या मोबाइलवर ठरावीक निरोप यायला लागतात. ताई, पेपर होईपर्यंत पुरेल असा एखादा छोटा गेम सांगा. ताई, लॅपटॉप दादाचा आहे, जुना आहे, नेट नाही, आवाज करता येत नाही. ताई, जिंकायचं नसलेला काही असतो का? मी यांची कुणी सख्खी ताई नव्हे. दिवसभर एका प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारी मी बाई. पण एकट्यादुकट्या माणसांनी घरात बसून बनवलेले छोटे गेम मी खेळते, आणि त्यांतले बरे वाटतील त्यांच्याबद्दल मराठीत चार ओळी लिहून एका ग्रुपवर टाकते. तेवढ्यावर ताईपण चिकटलं. मोठ्या कंपन्यांच्या गेमांना जाहिराती असतात. या बिचाऱ्यांना आमच्यासारख्यांची तोंडंच काय ती.

गेम सुचवणं म्हणजे स्थळ सुचवण्यासारखंच आहे. चांगलं निघालं तर त्यांचं नशीब, वाईट निघालं तर मध्यस्थ मेला कुठला. म्हणून मी आधी माणूस विचारते, मग गेम सांगते. किती वाजता खेळणार, कुठे बसून, शेजारी कोण असतं, खोलीला खिडकी आहे का. लोकांना वाटतं ही बाई फार चौकश्या करते. करते. ज्या मुलीच्या खोलीला खिडकी नाही तिला गुहेत उतरायचा गेम सांगू नये, एवढं मी लातूरला शिकले.

लातूरला मी उदगीरहून आले ती वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दुसऱ्यांदा द्यायला. आमच्याकडे त्याला रिपीट म्हणतात आणि मुलीला रिपीटर. नाव विचारायच्या आधी लोक ते विचारत. वडलांचं उदगीरच्या मोंढ्यात आडतीचं दुकान. त्यांनी खोली पाहिली, पलंग हलवून पाहिला, आणि शेवटी बाहेरचं लोखंडी चॅनल गेट पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. गेटला संध्याकाळी सातला कुलूप लागायचं. चावी घरमालकिणीच्या कमरेला. वडील खूश होऊन एसटीत बसले आणि मी त्या गेटाच्या आतल्या बाजूला राहिले.

घरमालकिणीला सगळ्या पोरी अक्का म्हणायच्या. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आवाज भांडी घासल्यासारखा खणखणीत. नवऱ्यामागं त्यांनी घराचा मागचा भाग मुलींना दिला होता. मुलगा पुण्याला नोकरीला. खोलीत माझ्याबरोबर उमरीची सारिका होती, तीही रिपीटर. अक्का आम्हाला नावानं हाक मारत नसत. मी उदगीरवाली, ती उमरीवाली. आमच्या गावांची नावं त्या घरात रोज इतक्यांदा घेतली जायची की गावाला जायची गरजच पडू नये.

त्या खोलीचा वास मला अजून येतो. उन्हानं तापलेल्या पत्र्याचा, कूलरच्या ओल्या गवताचा, डब्यातल्या आळलेल्या वरणाचा. भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता, त्याच्या शेजारी सारिकानं चिकटवलेला माणसाच्या आतड्यांचा. सकाळी क्लास, दुपारी क्लास, मग अभ्यासिका, मग सातच्या आत गेट. खडखड करत चॅनल ओढलं जायचं, कुलूप टक्‌ वाजायचं. रोज वाजायचं. मी कोंडले गेले होते आणि मला कोंडणाऱ्या सगळ्यांचं माझ्यावर प्रेम होतं, त्यामुळे भांडायचं कुणाशी हेच कळत नव्हतं.

सुटका होती ती रविवारी दुपारी. सकाळी चाचणी परीक्षा व्हायची. ती देऊन आल्यावर अक्का पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचं विणलेलं कापड काढू द्यायच्या. मुलाचा जुना कॉम्प्युटर. मोठे गेम त्याच्यावर उघडतसुद्धा नसत, म्हणून सारिकाच्या भावानं पेन ड्राइव्हमध्ये छोटे छोटे भरून दिले होते. पोरींचं डोस्कं थंड राहावं म्हणून अक्कांनी ही सूट दिली होती, आणि सुटीवर पाळत ठेवायला त्या स्वतः निवडायच्या तुरीचं सूप घेऊन शेजारी बसायच्या.

आमचा एक कायदा होता. जिनं गेम सुचवला तिनं खेळणारीच्या शेजारी बसायचं, पण दोन्ही हात मांडीखाली दाबून. बोट दाखवायचं नाही, हं म्हणायचं नाही, श्वाससुद्धा शहाणपणानं सोडायचा नाही. कारण सुचवणाऱ्याला दम नसतो. त्याला त्याचा आनंद दुसऱ्याच्या तोंडावर ताबडतोब बघायचा असतो. आजही कुणाला गेम पाठवला की माझे हात आपोआप मांडीखाली जातात. प्रयोगशाळेतल्या पोरी हसतात.

खेळायचं कसं ते मात्र आम्हाला येत नव्हतं. चार पर्यायांतला एक बरोबर, चुकला तर गुण कापणार, यापलीकडे आम्हाला जगच माहीत नव्हतं. एका गेममध्ये नाव वल्हवणारा म्हातारा विचारतो, तुला आज कशाबद्दल बोलावंसं वाटतंय? खाली पर्याय येतात. पाऊस, आई, काहीच नाही. सारिकानं बराच वेळ विचार केला आणि प्रश्न सोडून दिला. म्हणाली, खात्री न्हाई, मायनस व्हईल. म्हातारा बिचारा वल्ही धरून तसाच बसला. आम्ही पोट धरून हसलो, पण नंतर माझी पाळी आली तेव्हा मीही पर्यायांकडे तशीच बघत बसले होते. बरोबर उत्तर नसलेला प्रश्न कुणी विचारू शकतं हेच आम्हाला पटत नव्हतं.

तुरीतले खडे काढता काढता अक्कांचं लक्ष पडद्याकडे जायला लागलं. मग खुर्ची जवळ आली. मग एका रविवारी त्या म्हणाल्या, मला बी एखादा सांग की. झालं, आम्हाला चेव आला. शेतीचा गेम सुचवला तर म्हणाल्या, जलमभर खुरपलं, आता ह्यात बी खुरपू व्हय? स्वयंपाकाचा सुचवला तर, खाणार कोण हाय ते? मग एक छान तळ्याकाठचा दिला. तो अर्ध्यावर आला आणि माणसानं गळ काढला. अक्का शिव शिव म्हणत उठूनच गेल्या. छोटे गेम बनवणाऱ्यांना मासे धरायचा एवढा सोस का आहे, मला आजवर कळलेलं नाही. निम्म्या गेमांत कुठे ना कुठे गळ निघतोच. आमच्या भागातल्या शाकाहारी वीरशैव बायकांचा या लोकांनी जरासुद्धा विचार केलेला नाही.

शेवटी मी त्यांना नाक्याचा गेम दिला, तो केवळ त्यात मासे नव्हते म्हणून. कुठल्याशा थंड देशातल्या एका माणसानं एकट्यानं बनवलेला. डोंगरातल्या घाटात एक नाका, आडवा दांडा, शेजारी खोपटं. नाक्यावर एक बाई. गाडी आली की थांबवायची, कोण कुठला विचारायचं, दांडा वर करायचा, पुन्हा खाली घ्यायचा. बर्फ पडत राहतो. खाली दरीत लांब एका घराची खिडकी पिवळी दिसते. बस्स. मी तो संपवला होता. हिवाळा सरतो, दुसरी नाकेवाली येते, तुझी पाळी संपली असं लिहून येतं आणि पडदा काळा होतो.

अक्कांना तो आवडला. बाहेर लातूर भट्टीसारखं तापलेलं, आणि पुढच्या खोलीत अक्का बर्फात दांडा वर-खाली करताहेत. इंग्रजी मी वाचून दाखवायची. गाडीवाला काय म्हणतो, कुठे चालला. अक्का प्रत्येकाला इमानानं थांबवायच्या, एकालाही फुकट सोडत नसत. मधेच म्हणाल्या, बाईचं काम हाय ह्ये. समदे जातेत, हीच ऱ्हाती. दरीतल्या खिडकीकडे बोट करून त्यांनी विचारलं, ते घर कुणाचं? मी म्हटलं, गेममध्ये सांगितलेलं नाही. त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि स्वतःच ठरवून टाकलं.

"तिच्या भनीचं आसंल."

अक्कांची थोरली बहीण औशाला होती. तिला त्या उन्हाळ्यात लकवा झाला होता. वाचा गेली, उजवा हात गेला. तिच्या सुनेचा फोन यायचा आणि अक्का पुढच्या खोलीत उभ्या राहून मोठ्यानं बोलायच्या, कानावर फोन धरला आहे हे विसरून. आमच्या खोलीत सगळं ऐकू यायचं. सासूबाई दाराकडं बघत असतात, हे सुनेचं बोलणंही त्या मोठ्यानं परत म्हणायच्या. अक्का म्हणायच्या, पोरींची परीक्षा होऊ दे, मग येते. फोन ठेवून त्या नळ येतो का ते बघायला जायच्या. लातूरचा नळ कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, त्यामुळे घर न सोडायला ते एक बरं कारण होतं. पण खरं कारण आम्ही होतो. पोरी ठेवल्यापासून अक्का एक रात्रसुद्धा घराबाहेर राहिल्या नव्हत्या. भावकीतल्या लग्नाला गेल्या नव्हत्या, जत्रेला गेल्या नव्हत्या. सातला गेट लावायला त्या हव्यात.

औसा काय परदेश आहे? स्टँडवरून गाड्या सारख्या सुटतात, तासाभरात माणूस पोचतं. सारिका एकदा फटकन म्हणालीच, अक्का, जाऊन या की, कामून जीव जाळून घेऊन राहिल्या? अक्कांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा आतड्यांच्या तक्त्याकडे वळली. तुमच्या बापानं इश्वासानं सोडलंय माझ्याकडं, एवढंच म्हणाल्या. मला त्यांचा राग आला. मग राग कुठे ठेवावा कळेना. गेट त्या लावायच्या खऱ्या, पण गेटाच्या आतच राहायच्या ना.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा नाक्यावर बसल्या. मी शेजारी, हात मांडीखाली. दोन गाड्या त्यांनी सोडल्या. तिसरी आली, दांडा वर केला, आणि खाली घेतलाच नाही. माउस हातात धरून नुसत्या बसल्या. मग विचारलं, हिला खाली नेता येती का? मी काही बोलले नाही, कायदाच तसा होता. खरं म्हणजे मला उत्तर माहीत नव्हतं. मी तो गेम पूर्ण खेळले होते आणि नाकेवालीला खोपट्याच्या पलीकडे न्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. अक्कांनी बटण दाबलं. बाई दांड्याखालून निघाली. मला वाटलं पडद्याच्या कडेला अडेल. अडली नाही. पडदा तिच्याबरोबर सरकायला लागला.

रस्ता उतरत होता. बर्फात तिची पावलं उमटत होती. मागं नाक्यावर गाड्या येऊन थांबलेल्या दिसत होत्या, दिवे लावून. कुणी भोंगा वाजवला नाही. जरा थांबून एकेक गाडी उघड्या दांड्याखालून आपली आपण निघून गेली. गुण कापले गेले नाहीत, कुणी रागावलं नाही, लाल अक्षरं आली नाहीत. बाई पिवळ्या खिडकीच्या घराशी पोचली, दार उघडलं, आणि पडदा हळूहळू उजळत पांढरा झाला. तो गेम असाही संपत होता.

 सारिकाही तिच्या जागेवरून उठून मागे येऊन उभी होती. तुरीचं सूप जमिनीवर तसंच पडलेलं.

"मागं कुणी वरडलं का गं?" अक्कांनी विचारलं.

"न्हाई," सारिका म्हणाली.

"आन्‌ गाड्या?"

"गेल्या की आपल्या आपण."

त्यांनी कॉम्प्युटर बंद करायला सांगितला, विणलेलं कापड नीट घातलं, त्याचे कोपरे सारखे केले. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून त्यांनी दहीभाताचा डबा भरला, चांगलं लुगडं नेसल्या आणि कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडून त्यातली गेटची चावी काढली. ती सारिकाच्या हातात ठेवली. उद्या येते म्हणाल्या. सातला लावा म्हणायचं विसरल्या, का मुद्दामच म्हणाल्या नाहीत, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता पुढचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हा उन्हाळा पुरा होत नाही.

चावी आमच्याकडे होती. दिवसभर आम्ही तिला हात लावून बघत होतो. बेत ठरला. संध्याकाळी गंजगोलाईच्या बाजारात जायचं. इतके महिने लातुरात राहून दिवे लागल्यावरची गंजगोलाई आम्ही पाहिली नव्हती. बर्फाचा गोळा खायचा, बांगड्यांच्या दुकानांवरून फिरायचं, काही घ्यायचं नाही, नुसतं फिरायचं. सारिकानं केस धुतले. मी ठेवणीतला ड्रेस काढला, इस्त्री नव्हती म्हणून गादीखाली घालून दाबला. क्लासवरून परत येताना आम्ही मुद्दाम हळू चाललो, आज घाई नाही म्हणून.

घरी येऊन हातपाय धुतले, चहा केला. बाहेर ऊन उतरत होतं. समोरच्या दुकानात उदबत्ती लागली. मग सात वाजले. सारिका उठली, चप्पल घातली, गेटापर्यंत गेली, आणि चॅनल खडखड ओढून तिनं कुलूप लावलं. मी बघत होते. मी तिला थांबवलं नाही, मलाही ते चुकतंय असं वाटलं नाही. कुलूप टक्‌ वाजलं, आणि तेव्हा कुठे आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिच्या अंगाला धुतलेल्या केसांचा वास, माझ्या अंगात गादीखालचा ड्रेस, आणि आम्ही दोघी आत. चावी तिच्या मुठीत होती. उघडायला काहीच लागत नव्हतं. आम्ही गजांना धरून थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभ्या राहिलो. मग सारिका म्हणाली, चल, उद्या क्लासात टेस्ट हाय. आणि आम्ही खोलीत गेलो.

मला फार भीती वाटली त्या संध्याकाळी. तोवर मी समजत होते की मला कुणीतरी कोंडलंय, आणि परीक्षा झाली, गेट उघडलं, की मी जशीच्या तशी बाहेर पडेन. ते गेट आता माझ्या आतच बसलं होतं. त्याच्यासाठी अक्का लागत नव्हत्या आणि वडीलही लागत नव्हते.

अक्का दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. बहिणीनं त्यांच्या हातचा दहीभात खाल्ला होता. बोलता येत नव्हतं, पण डाव्या हातानं अक्कांचा हात रात्रभर धरून होती. सांगताना अक्कांचा तो खणखणीत आवाज बारीक झाला होता. मग पदरानं तोंड पुसून त्यांनी आम्हाला विचारलं, तुमी कुठं कुठं फिरलाव? सारिकानं चावी पुढे केली. कुठंच न्हाई, म्हणाली. अक्कांनी चावी घेतली नाही. आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. एवढं वाईट वाटलेलं त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिलं नव्हतं.

"कामून गं?" त्या म्हणाल्या. "मी चावी दिली व्हती की."

परीक्षा झाली. वैद्यकीयला आम्हा दोघींपैकी कुणाचाच नंबर लागला नाही. सारिका उमरीला शाळेत शिकवते, मी नांदेडला नळ्यांवर चिठ्ठ्या लावते, आणि आम्ही दोघीही जिवंत आहोत, ही गोष्ट त्या वर्षी कुणी खात्रीनं सांगितली असती तर बरं झालं असतं. अक्कांची बहीण पावसाळ्यात गेली. तोवर अक्का जाऊन-येऊन करत राहिल्या, शेवटचं पाणीही त्यांच्याच हातचं झालं असं ऐकलं. मी इथे एकटीच्या घरात राहते. वडील विचारत नाहीत, कुणीच विचारत नाही. तरी सात वाजले की उठते आणि दाराला कडी घालते. कधी कधी घातलेली कडी मुद्दाम काढते, चप्पल घालते आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येते. तेवढंही मला सहज जमत नाही.

परवा पुन्हा निरोप आला. लातूरहून, रिपीटर मुलगी. मी मागे सुचवलेला नाक्याचा गेम तिनं घेतला होता. खोलीला खिडकी आहे का, हे मी तिला आधी विचारलेलं होतं. आहे म्हणाली होती, पण तिच्यासमोर भिंत आहे. तिला तो गेम कंटाळवाणा झाला होता. ताई, नुसत्या गाड्याच येऊन राहिल्या, ह्याच्यात पुढं काय करायचं असतं?

आमचा कायदा मोडायचा नाही, शेवट सांगायचा नाही. माझे हात मांडीखालीच होते. ते काढून मी लिहिलं, तुमच्या गेटाला कुलूप लागतं का? लागतं म्हणाली, सातला. चावी कुणाकडं असते? मावशींकडं. या मावशी कधी गावाला वगैरे जातात का, मी विचारलं.

 ती काहीतरी लिहीत होती, खोडत होती. मग उत्तर आलं.

"न्हाई ताई. त्या कुठंच जात न्हाईत."

मग एकदा त्यांना बसव खेळायला, मी लिहिलं. आणि तू शेजारी बस.